पाठीवरचे ग्रंथालय

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या प्रसंगी आपल्याच संस्थेच्या आठवणी जागवाव्यात हे ओघानेच येते. ते काम या अंकातील अन्य लेखक अधिक अधिकाराने करतील. माझे मन या निमित्ताने एका दूरच्या शहराकडे, एदोकडे, म्हणजे आजच्या तोकियोकडे वळते. १८०८ साली या एका शहरात पुस्तके भाड्याने देणाऱ्या ६५६ व्यावसायिकांची नोंद सापडते. त्यांना ‘काशिहोन्या’ म्हणत. पुस्तकांचा उंच भारा पाठीवर बांधून ते घरोघर फिरत. मागच्या फेरीची पुस्तके परत घेत, नवी ठेवीत, आणि ‘पुढचा भाग केव्हा?’ या प्रश्नाला तोंड देत. नवे पुस्तक विकत घेणे सामान्य संसारी माणसाच्या आवाक्यातले नव्हते. भाडे मात्र परवडे.

त्या भाऱ्यातील बहुतेक पुस्तके लाकडी ठशांवरून हाताने छापलेली असत. जपानला खिळ्यांची छपाई ठाऊक नव्हती असे मात्र कोणी समजू नये. गोव्याच्या वाचकांना तर यात आपुलकीचा धागा सापडेल. १५५६ साली गोव्यात छापखाना आला. युरोपचा प्रवास करून परतणाऱ्या जपानी तरुणांच्या शिष्टमंडळाचा मुक्काम गोव्यात पडला तेव्हा त्यांपैकी हारा मार्तिन्यो याचे लॅटिन भाषण १५८८ साली येथेच छापले गेले. याच मंडळींबरोबर १५९० साली एक युरोपीय छापखाना जपानला पोहोचला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हद्दपारीबरोबर १६१४ साली तो देशाबाहेर गेला. कोरियाकडून आलेली सुट्या खिळ्यांची पद्धतही काही दशके चालली. पण सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपानी प्रकाशक पुन्हा लाकडाकडे वळले होते.

हे मागासलेपण नव्हते, व्यवहारज्ञान होते. एकमेकांत गुंफलेली वळणदार अक्षरे, चिनी चिन्हांशेजारी उच्चार दाखवणारी बारीक लिपी आणि मजकुराच्या मधूनच वाहणारे चित्र हे सारे एका फळीवर कोरणे सोपे. शिवाय फळी जपून ठेवली की मागणी येईल तेव्हा हव्या तेवढ्याच प्रती काढता येत. लिपीचा हा पेच आपल्याकडेही होताच. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत. मराठीची थोरवी गाणाऱ्या ग्रंथाला मराठीची लिपी मिळाली नाही, ही रुखरुख आजही जात नाही.

लाकडी छपाईच्या कामशाळेत एकट्याचे असे काहीच नसे. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करून देई. ते रानचेरीच्या घोटीव फळीवर पालथे चिकटवून त्याच्या रेषांबरहुकूम कोरायचे. म्हणजे मूळ चित्राचा तेथेच अंत! मुख्य कारागीर चेहरे आणि कपाळावरचे केस कोरी. मधली मोकळी जागा पटाशीने काढून टाकणे हे उमेदवारांचे काम. छापणारा मांडी घालून बसे. रंगात तांदळाची खळ मिसळून तो ब्रशाने फळीवर पसरायचा, सरस-तुरटी दिलेला दमट कागद वर ठेवायचा आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या ‘बारेन’ नावाच्या चकतीने पाठीमागून घोटायचे. १७६५च्या सुमारास, सुझुकी हारुनोबूच्या काळी, बहुरंगी चित्रे निघू लागली. मग प्रत्येक रंगाची वेगळी फळी आली आणि कागद नेमका बसावा म्हणून फळीच्या कडेला दोन खाचा ठेवाव्या लागल्या. तेथे केसभर चूक झाली की ओठांचा रंग हनुवटीवर! अशा दोनशे प्रतींचा एक घाणा मोजला जाई.

या मंडळींत होकुसाईची गोष्ट मला विशेष वाटते. लहानपणी तो पुस्तके भाड्याने देणाऱ्या दुकानात कामाला होता, पुढे काही वर्षे ठसे कोरायला शिकला आणि नंतर चित्रकार झाला. म्हणूनच की काय, म्हातारपणी प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात, कोरणाऱ्यांनी आपल्या चित्रांतली नाके चालू पद्धतीने न कोरता आपल्या रेखाटनाप्रमाणेच कोरावीत, असा आग्रह त्याने धरला.

पुस्तक स्वस्तात हिंडू लागले की सत्ता अस्वस्थ होते. १७९१ साली लेखक सान्तो क्योदेनला पन्नास दिवस हातकड्या पडल्या. त्याचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो याची निम्मी मालमत्ता जप्त झाली. जे छापण्यास बंदी असे ते हस्तलिखित होऊन याच फिरत्या भाऱ्यांतून वाचकांकडे जाई. फळी जप्त करता येते. रात्रीतून नकललेली वही शोधणे कठीण.

बाकिनची ‘हाक्केन्देन’ ही कादंबरी १८१४ ते १८४२ अशी अठ्ठावीस वर्षे भागाभागाने निघत राहिली. लेखकाची दृष्टी गेली तेव्हा अखेरचा भाग त्याने सुनेला सांगून लिहवून घेतला. वाचक तोवर थांबले होते. आठवड्याभरात पुस्तक परत करायला कुरकुरणाऱ्या सभासदांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी!

१८७०नंतर शिशाचे खिळे आणि यंत्रे आली, पुस्तके स्वस्त झाली आणि पाठीवरचे भारे उतरले. अनेक फळ्या रंधा मारून पुन्हा वापरल्या गेल्या, काही चुलीत गेल्या. नागोयाच्या ‘दाइसो’ या १७६७ साली निघालेल्या दुकानात वीस हजारांहून अधिक पुस्तके होती. एकही पुस्तक विकायचे नाही असा त्या घराण्याचा दंडक होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुकान बंद पडले आणि तो मोडावा लागला. त्यातला एक मोठा हिस्सा क्योतो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.