बायबॅक आणि शेअरचा भाव : बजाज ऑटो

बायबॅक (शेअर पुनर्खरेदी) : कंपनीने आपलेच शेअर भागधारकांकडून विकत घेऊन रद्द करणे. भारतात 1998 पासून याला कायद्याने मुभा आहे. शेअरांची संख्या घटली की तोच नफा कमी शेअरांवर विभागला जातो व दर शेअरमागची मिळकत वाढते. भाव मात्र या हिशेबापेक्षा गुंतवणूकदारांनी आधी काय गृहीत धरले होते त्यावर जास्त हलतो. आकुर्डीत मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोच्या बाबतीत हे ठळकपणे दिसले.

कंपनीने 2000 मध्ये 400 रुपये भावाने बायबॅक केला होता. 2022 मध्ये विषय पुन्हा निघाला. बायबॅकवर विचार करणाऱ्या संचालक मंडळाच्या बैठकीची सूचना शेअर बाजाराला आधी द्यावी लागते. त्यामुळे 14 जूनला निर्णय होणार असे लोक धरून चालले होते. मंडळाने तो लांबणीवर टाकला आणि भाव सुमारे 5 टक्क्यांनी पडला. 27 जूनला मंजुरी मिळाली : खुल्या बाजारातून 2,500 कोटी रुपयांपर्यंत, शेअरला जास्तीत जास्त 4,600 रुपये.

जानेवारी 2024 चा बायबॅक निविदा पद्धतीचा, म्हणजे ठरलेल्या भावाने थेट भागधारकांकडून शेअर घेण्याचा होता. भाव 7,000 च्या आसपास असताना कंपनीने 10,000 रुपये देऊ केले. तरीही भाव लगेच दहा हजारांना भिडला नाही, कारण घ्यायचे होते फक्त 40 लाख शेअर, एकूण भांडवलाच्या 1.41 टक्के. दिलेले सगळे शेअर स्वीकारले जाण्याची शाश्वती नसते. लहान भागधारकांना 15 टक्के राखीव असतात; पण लहान म्हणजे रेकॉर्ड डेटला (पात्रता ठरवण्याच्या तारखेला) ज्याच्याकडच्या शेअरांची किंमत 2 लाखांच्या आत आहे तो. आठ हजारांच्या भावाने 25 शेअर बसतात. सव्विसावा घेतला की माणूस मोठ्यांच्या रांगेत!

सप्टेंबर 2024 मध्ये भाव 12,000 च्या वर गेला, तेव्हा दहा हजाराला शेअर देऊन मोकळे झालेल्यांना हळहळ वाटली असणार. ती फार टिकली नसावी. 17 ऑक्टोबरला, तिमाही निकालानंतर, शेअर एका दिवसात सुमारे 13 टक्के कोसळला. उपकंपन्या वगळता कंपनीचा स्वतःचा नफा वाढलेला होता. बाजाराला खटकले ते सणासुदीच्या विक्रीबद्दल व्यवस्थापनाने काढलेले सावध उद्गार.