आमसुलाचं कुळ

काही वर्षांपूर्वी इथल्या औषधांच्या दुकानात, वजन कमी करायच्या गोळ्यांच्या फळीवर 'गार्सिनिया' हे नाव वाचलं आणि मी थबकले. गार्सिनिया म्हणजे आपल्या रातांब्याचं कुळ, एवढं कॉलेजातलं वनस्पतिशास्त्र डोक्यात शिल्लक होतं. माहेरचं माणूस भेटावं तशी मी ती बाटली उचलली.

आमच्या कुडाळकडच्या घरी मे महिन्यात अंगणभर रातांब्यांची सालं वाळत असायची. मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात ती पुन्हा पुन्हा बुडवायची आणि वाळवायची, की झाली आमसुलं. बियांच्या तेलाचे गोळे थंडीत टाचांच्या भेगांना. अंगावर पित्त उठलं की आजी आमसूल भिजवून ते पाणी लावायची. जेवण जड झालं तर सोलकढी. तिचा दावा तेवढाच!

ह्या फळाची दखल गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधींवरच्या ग्रंथात घेतली आहे. कोकणी 'भिरंड'चं पोर्तुगीजांनी 'ब्रिंदांव' केलं. कुळाचं नावही ह्या गार्सियावरूनच पडलं असणार, असं मी कित्येक वर्षं समजत होते. पण नाही, लिनियसने ते लॉरां गार्सँ ह्या दुसऱ्याच वनस्पतितज्ज्ञाच्या नावावरून ठेवलं. असो.

खरी गोष्ट म्हैसूरला सुरू होते. तिथल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत लुईस आणि नीलकंठन ह्यांनी १९६५ साली दाखवून दिलं, की केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीतलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आहे. कुडमपुळी ही आमसुलाची सख्खी बहीण, आमसुलातही हे आम्ल आहेच. पुढे अमेरिकेतल्या संशोधकांना आढळलं, की शरीरात चरबी तयार करणाऱ्या एका एन्झाइमला ते अडवतं. झालं! कालवणातली आंबट साल कॅप्सूलमध्ये जाऊन बसली.

पण १९९८ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी १३५ वजनदार माणसांवर १२ आठवडे चाचणी घेतली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. पुढे तर अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या.

हे सगळं मी वाचलं ते नंतर. दोन महिने गोळ्या घेतल्यावर नेहमीच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टर म्हणाल्या, घरात असतील नसतील त्या सगळ्या बाटल्या घेऊन ये. 'अहो, हे आमच्याकडे रोज जेवणात असतं,' असं मी ऐटीत सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, 'रोज किती?' एका वेळी दोन-तीन आमसुलं, तीही चार माणसांत! गोळीत मात्र त्याच आम्लाचा गाळून काढलेला अर्क.

आमसुलात औषधी काहीच नाही असं मात्र नव्हे. त्याचा तो लालभडक रंग अँथोसायनिनांचा, आणि सालीतलं गार्सिनॉल हे चांगलं अँटिऑक्सिडंट आहे, हे जपानी संशोधकांनी २००० साली प्रयोगशाळेत दाखवलं. मात्र हे बरंचसं काम परीक्षानळीत आणि उंदरांवर झालेलं आहे, माणसांवर फारच थोडं. त्यामुळे कोणी कोकम सरबताला कर्करोगावरचा उपाय म्हणू लागलं, की मी हळूच विषय बदलते.

गोळ्या बंद केल्यावर आकडे हळूहळू खाली आले. सोलकढी चालू आहे. फक्त ह्यांच्या ब्लड प्रेशरमुळे आमसुलं आधी धुऊन घेते, मीठ फार असतं त्यात.