मूठभर माती आणि सातबारा

मंडळी, गेले तीन वीकेंड एका रिलीजने खाल्ले, त्यामुळे इथे सगळी सामसूम होती. आज जरा निवांत आहे, चहाचा मग शेजारी आहे, तेव्हा बरेच दिवस डोक्यात घोळणारा एक विषय लिहून टाकतो.

मी मेलबर्नला ऑनसाईट आलो, तेव्हा पहिल्याच मोठ्या मीटिंगमध्ये स्लाइड सुरू व्हायच्या आधी एक बाई उभ्या राहिल्या. आपण वुरुंजेरी लोकांच्या भूमीवर जमलो आहोत, त्यांच्या पूर्वजांना आमचा आदर, असं म्हणून खाली बसल्या. मला आवडलं ते. पण सहाव्या-सातव्या मीटिंगला माझ्यातला गावाकडचा माणूस जागा झाला. आमच्या घरी जमिनीची कितीही भावनिक चर्चा रंगली, तरी शेवटी आजोबा एकच विचारायचे, "ते राहू दे, सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

तो प्रश्न घेऊन वाचत बसलो आणि एका फोटोपाशी येऊन थांबलो. १६ ऑगस्ट १९७५. निळंभोर आकाश, सूट घातलेला उंच पंतप्रधान गॉफ व्हिटलम, आणि समोर हॅट घातलेला विन्सेंट लिंगिआरी. व्हिटलम त्याच्या तळहातावर लाल माती ओततो आहे. फोटो काढणारा मर्विन बिशप स्वतः आदिवासी. (मूळ समारंभ मांडवाच्या सावलीत झाला होता. तिथे उजेड बरा नाही म्हणून बिशपने दोघांना बाहेर उन्हात आणलं आणि माती पुन्हा ओतायला लावली. म्हणजे चक्क रिटेक!)

आता हा लिंगिआरी कोण? उत्तर ऑस्ट्रेलियातल्या गुरिंजी लोकांचा पुढारी. त्यांच्या भूमीवर १८८३ मध्ये वेव्ह हिल नावाचा गुरांचा भलाथोरला तळ उभा राहिला आणि १९१४ मध्ये तो व्हेस्टी या ब्रिटिश मांसव्यापारी घराण्याकडे गेला. भूमी गुरिंजींची, गुरं व्हेस्टींची, आणि गुरं वळणारे पुन्हा गुरिंजीच. मोबदला म्हणजे पीठ, साखर, चहा, मांस आणि नावाला थोडे पैसे. मार्च १९६६ मध्ये लवादाने आदिवासी गुराख्यांना समान वेतन मान्य केलं, पण अंमल डिसेंबर १९६८ पासून! २३ ऑगस्ट १९६६ ला लिंगिआरीच्या मागे गुराखी, घरकाम करणाऱ्या बायका, मुलंबाळं अशी सुमारे २०० माणसं तळ सोडून चालत निघाली.

सगळ्यांना वाटलं संप पगाराचा आहे. पुढच्या वर्षी ही माणसं वॅटी क्रीकला, त्यांच्या भाषेत डागुरागूला, जाऊन राहिली आणि गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला की आमच्याच मुलखातली ५०० चौरस मैल जमीन आम्हाला द्या. नकार आला. कारण, ती जमीन आधीच व्हेस्टींना पट्ट्याने दिलेली आहे. गंमत म्हणजे त्याच १९६७ सालच्या मे महिन्यात ९०.७७ टक्के मतदारांनी आदिवासींना जनगणनेत मोजायला आणि त्यांच्यासाठी कायदे करायचा अधिकार केंद्राला द्यायला होकार दिला होता. माणसं मोजायला देश तयार होता, जमीन मोजून द्यायला नव्हता. १९७१ मध्ये योल्ङू लोकांच्या खटल्यात तर न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी सांगून टाकलं की असा आदिवासी हक्क ऑस्ट्रेलियाच्या कायद्याला ठाऊकच नाही.

गुरिंजी मात्र हलले नाहीत. एक, दोन करत नऊ वर्षं. आम्हाला दोन तास सर्व्हर डाऊन झाला तरी घाम फुटतो.

आणि मग ती माती. ही मातीची कल्पना आली कुठून, तर थेट आमच्या मेलबर्नमधून. १८३५ मध्ये जॉन बॅटमन (तो नव्हे, हा टास्मानियाहून आलेला मेंढपाळ) इथे उतरला आणि घोंगड्या, चाकू, कुऱ्हाडी, पीठ असला माल देऊन वुरुंजेरी वडीलधाऱ्यांकडून सहा लाख एकर 'विकत' घेतली. त्याच्या म्हणण्यानुसार त्यांनी ताबा म्हणून त्याच्या हातावर माती ठेवली. आज बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की ते पाहुण्याला तात्पुरतं राहू देण्याचा विधी करत होते. म्हणजे त्यांनी गेस्ट लॉगिन दिला आणि याने अ‍ॅडमिन समजून घेतला. गव्हर्नर बुर्कने तो करार त्याच वर्षी रद्द केला. वुरुंजेरींची फसवणूक झाली म्हणून नाही हं! जमीन राजाची, ती हे लोक विकणार कशी, म्हणून. स्टॅनर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाला ही मातीची गोष्ट ठाऊक होती. ती कूम्ब्स या सल्लागारामार्फत व्हिटलमच्या कानावर गेली आणि १४० वर्षांनी माती उलट्या दिशेने ओतली गेली.

आता आजोबांचा प्रश्न. मातीबरोबर लिंगिआरीला कागद कसला मिळाला? भाडेपट्ट्याचा. सुमारे ३,२०० चौरस किलोमीटर, पण भाडेपट्टा! ज्याची जमीन त्यालाच सरकारने कूळ करून घेतलं. फोटोत हे दिसत नाही. तीन महिन्यांत व्हिटलमचं सरकारही बरखास्त झालं. १९७६ मध्ये फ्रेझर सरकारने जमीनहक्काचा कायदा केला, आणि डागुरागूचा कायमचा, विकता न येणारा मालकी हक्क मिळायला १९८६ उजाडलं. चालत निघाल्यापासून २० वर्षं. लिंगिआरी १९८८ च्या जानेवारीत गेला.

एवढं झाल्यावर तरी कागद पक्का ना? २००७ मध्ये केंद्र सरकारने मुलांच्या सुरक्षेचं कारण देऊन तिथल्या साठाहून जास्त आदिवासी वस्त्या सक्तीने पाच वर्षांच्या पट्ट्यावर स्वतःकडे घेतल्या. मुलांचा प्रश्न खोटा नव्हता, पण त्यासाठी जमिनीचा पट्टा कशाला हवा, हे मला अजून कुणी पटवू शकलेलं नाही. त्यानंतर काही महिन्यांतच, १३ फेब्रुवारी २००८ ला, पंतप्रधान रड यांनी संसदेत आदिवासींची, विशेषतः आईबापांपासून तोडून नेलेल्या मुलांची, माफी मागितली. भाषण खरंच हलवून टाकणारं आहे. पट्टे मात्र तसेच राहिले.

मुख्य वेव्ह हिल तळाचं काय? तिथला गुरिंजींचा पारंपरिक हक्क कोर्टाने मानला ८ सप्टेंबर २०२० ला, सुमारे ५,००० चौरस किलोमीटरवर. शिकार, विधी, मुलांना मुलूख दाखवणं, खाणीच्या बाबतीत विचारलं जाणं, हे सगळं त्यात आलं. गुरांचा धंदा मात्र चालूच. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर नाव लागलं, पण भोगवटादाराच्या रकान्यात नाही, 'इतर हक्क' मध्ये. आमच्याकडे त्या रकान्यात विहिरीच्या पाण्याचा वाटा लिहिलेला असतो. तरी मी त्याला नुसता उपचार म्हणणार नाही. ब्लॅकबर्नने जो हक्क अस्तित्वातच नाही म्हटलं होतं, तो आता निदान कागदावर आहे. तो यायला मधे १९९२ चा माबो निकाल घडावा लागला. त्यावर वेगळी पोस्ट कधीतरी.

आणि १४ ऑक्टोबर २०२३ ला, आदिवासींना संसदेपुढे नुसता सल्ला देणारं मंडळ मिळावं का, या सार्वमताला ६० टक्क्यांनी 'नाही' म्हटलं. सोमवारी आमच्या स्टँडअपमध्ये कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही. पुढच्या मोठ्या मीटिंगला वुरुंजेरींची ओळ मात्र नेहमीसारखीच म्हटली गेली.

गुरिंजी दर ऑगस्टमध्ये त्या चालण्याची आठवण म्हणून जमतात आणि पुन्हा चालतात. डार्विनपर्यंत विमान, पुढे दिवसभर गाडी. मी रजा टाकून ठेवली आहे, मॅनेजरने अजून अप्रूव्ह केलेली नाही.