खड्डा कुठून सुरू होतो?

पावसाळा ओसरला की खड्डे बुजवण्याचे काम सुरू होते. खडी टाकली जाते, डांबर ओतले जाते, रोलर फिरतो. पुढच्या पावसात खड्डा पुन्हा त्याच जागी! आपण कामाच्या दर्जाला दोष देतो आणि तो बऱ्याचदा खराही असतो. पण काम चोख करूनही दुरुस्ती फसते, कारण दुरुस्तीची पद्धतच चुकीची निवडलेली असते. ही निवड करायला माणूस कसा शिकला, ते आपण पाहू.

१८१६ साली इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या रस्त्यांची देखरेख जॉन मॅकॅडमकडे आली. तेव्हा रस्ते नुसत्या खडीचे असत. जुन्या रस्त्याच्या दुरुस्तीबद्दल त्याची सूचना अनेकांना विचित्र वाटेल. रस्त्यात दहा इंच स्वच्छ खडी असेल, तर नवी आणू नका; आहे तीच उकरा, सहा औंसांहून (सुमारे १७० ग्रॅम) जड दगड फोडा आणि पुन्हा पसरा. त्याचे म्हणणे असे, की वाहनाचा भार शेवटी खालची माती पेलते. ती कोरडी राहिली की रस्ता टिकतो. वरची खडी म्हणजे मातीवरचे छप्परच.

पुढे मोटारी आल्या. त्यांच्या चाकांनी खडीतली धूळ उडू लागली, तेव्हा खडी बांधून ठेवायला डांबर आले. १९०२ साली एडगर हूलीने डांबरमिश्रित खडीचे पेटंट घेतले. धूळ थांबली, पण आतली खडी आणि माती डोळ्यांआड झाली. वरून गुळगुळीत दिसणारा रस्ता आतून भिजून पोकळ झाला आहे का, हे कसे ओळखायचे?

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या रस्ता-चाचणीच्या वेळी ए. सी. बेंकेलमन यांनी यासाठी एक साधन तयार केले. ते म्हणजे आपण वर्गात शिकवतो ती तरफच. भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांमध्ये तिचे लांब टोक रस्त्यावर टेकवायचे. ट्रक पुढे गेला की दबलेला रस्ता वर येतो. हे मिलिमीटरच्या अंशातले उसळणे दुसऱ्या टोकाच्या मापकावर वाचायचे. रस्ता जास्त दबला, तर त्याचा पाया किंवा खालची माती कमजोर.

त्यानंतर इलिनॉय राज्यात ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात एक मोठा प्रयोग झाला. वेगवेगळ्या जाडीच्या रस्त्यांवरून सैनिकांनी दोन वर्षे ट्रक चालवले. आसांच्या अकरा लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या. त्यातून दिसले, की रस्त्याची झीज साधारणपणे आसावरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट केला, तर झीज सुमारे सोळापट! आणखी एक गोष्ट दिसली. डांबरी रस्ते विशेष करून वसंतात, बर्फ वितळून जमीन ओली असताना मोडले. मॅकॅडमचे म्हणणे खरे ठरले.

दुरुस्तीची निवड यावरूनच होते. सुट्या भेगा असतील, तर पावसापूर्वी त्या डांबराने भरून घ्याव्यात. पाणी आत शिरत नाही. पृष्ठभाग झिजला आहे पण रस्ता फारसा दबत नाही, तेथे पातळ थर पुरतो. रस्ता बराच दबत असेल, तर मोजमापावरून काढलेल्या जाडीचा थर हवा. आणि मगरीच्या पाठीसारखे भेगांचे जाळे पडून त्यातून चिखल वर येत असेल, तर वरचे ठिगळ व्यर्थ. तेथे कमजोर थरापर्यंत खणून, कडा सरळ कापून, थराथराने दाबत भरावे लागते. पाण्याला वाट मात्र आधी द्यायला हवी.

भारतीय रस्ते काँग्रेसने १९८१ साली बेंकेलमनच्या तरफेवर आधारित मार्गदर्शिका काढली. २०१४ साली वजन पाडून दबणे मोजणाऱ्या यंत्रासाठीही काढली. म्हणजे मोजण्याची रीत आपल्याकडे आहे. तरीही मोजल्यावाचून ठिगळ लावले जाते, तेव्हा पैसा वाया जातोच आणि त्याच खड्ड्यात पुन्हा एखादा सायकलस्वार पडतो.

पाऊस थांबल्यावर मुलांना घेऊन शाळेजवळच्या रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहा. पाणी कुठे साचते? भेग एकटी आहे की जाळे? गटार रस्त्याहून उंच तर नाही? मुलांना नकाशा काढू द्या. पुढच्या पावसाळ्यात तोच नकाशा घेऊन पुन्हा पाहा. खड्डा कुठून सुरू होतो, हे मुले आपल्याला सांगतील.