चित्र हलले, पण का हलले?

जानेवारी २००६. न्यूयॉर्कमधील एका मेळाव्यात जॉन रेसिग या तरुण प्रोग्रामरने 'जेक्वेरी' हे आपले साधन लोकांपुढे ठेवले. त्या काळी एकच वेबपान इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एक प्रकारे वागे आणि फायरफॉक्समध्ये दुसऱ्याच प्रकारे. हे फरक जेक्वेरीने पोटात घेतले. पानावरची हालचाल मोजक्या ओळींत लिहिता येऊ लागली आणि हे साधन जगभर पसरले.

२०११ मध्ये रेसिग खान अकॅडमीत गेले. आता त्यांच्यापुढे होती प्रथमच प्रोग्रामिंग शिकणारी मुले. ब्रेट व्हिक्टर यांच्या एका भाषणावरून त्यांना कल्पना सुचली : डावीकडे आज्ञा, उजवीकडे चित्र. आकडा बदलला की चित्र त्याच क्षणी बदलणार. ऑगस्ट २०१२ मध्ये हे धडे सर्वांसाठी खुले झाले. मुलाला आपली चूक तिथल्या तिथे दिसते, ही सोय लहान नव्हे. (आपल्याकडे वही तपासून परत मिळेपर्यंत गणित कोणते होते तेही तो विसरलेला असतो!)

गंमत अशी, की पुढच्याच महिन्यात टीका केली ती व्हिक्टर यांनीच. लंबवर्तुळ काढण्याच्या आज्ञेत कंसात चार आकडे येतात. त्यांतला जागा सांगणारा कोणता, रुंदी सांगणारा कोणता? आकडा बदलल्यावर चित्र हलते, पण ते का हलले हे मुलाला कसे कळावे? प्रत्येक आकड्याचा अर्थ आणि आज्ञा कोणत्या क्रमाने चालतात तो क्रम, दोन्ही पडद्यावर दिसले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला ते पटते. मात्र रेसिग यांचे धडे समोर होते, म्हणूनच ही उणीव इतकी नेमकी दाखवता आली.