खडकाची पाठचिकित्सा : बेरिलियम-१० ची साक्ष

पाठचिकित्सा शिकवताना आम्ही वर्गात एक नियम नेहमी सांगतो. दोन हस्तलिखितांत योग्य शब्द सारखा आढळला, तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. परंतु एकच चमत्कारिक चूक दोहोंत आढळली, तर त्या पोथ्यांचे नाते मानावेच लागते. नुसते साम्य पुरत नाही. ज्याचा अन्य मार्गाने उलगडा होत नाही, असे साम्य लागते. विसाव्या शतकात हाच न्याय भूवैज्ञानिकांनी खडकांना लावला. तो इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही जाणून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

पॅसिफिक महासागराच्या कडेने ज्वालामुखींच्या कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्यासमोर समुद्रात खोल गर्ता आहेत. या गर्तांपाशी समुद्रतळाचा भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली शिरतो. यालाच निमज्जन म्हणतात. खाली गेलेल्या या तळाचे आणि वर धगधगणाऱ्या ज्वालामुखींचे नाते काय? १९६२ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक रॉबर्ट कोट्स यांनी अल्यूशन बेटांच्या संदर्भात असे सुचवले, की सागरी गाळ व पाणी खोल ओढले जाते आणि तेथील शिलारसात मिसळते. भूपट्टांचा सिद्धान्त तेव्हा मांडलाही गेला नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे या तर्काचे धाडस कळते. पुढे कार्यकारणही स्पष्ट होत गेले : सुमारे १०० किलोमीटर खोलीवर दाबाने व उष्णतेने भूपट्टातील पाणी सुटते, ते वरच्या प्रावरणात शिरते, आणि पाण्यामुळे कमी तापमानालाच खडक वितळू लागतो.

तथापि तर्क म्हणजे पुरावा नव्हे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शिशाच्या समस्थानिकांवरून लाव्हारस व सागरी गाळ यांतील साम्य दाखवले जाऊ लागले. पण विरोधकांचा आक्षेप रास्त होता : हे साम्य प्रावरणाच्या मूळच्याच विविधतेतून आले असेल, किंवा वर येताना शिलारसाने वाटेतला कवचाचा खडक विरघळवला असेल. थोडक्यात, शब्द सारखे होते. सामाईक चूक अद्याप सापडायची होती.

ती बेरिलियम-१० च्या रूपाने सापडली. विश्वकिरण वातावरणातील ऑक्सिजन व नायट्रोजन यांच्या अणूंवर आदळले, की हा समस्थानिक जन्मतो, पावसाबरोबर खाली येतो आणि सागरतळाच्या गाळात साठतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे. म्हणजे पृथ्वीच्या पोटात जन्मापासूनचे बेरिलियम-१० असणे शक्यच नाही. १९८२ मध्ये लुई ब्राउन, जेफ्री क्लाइन, रॉय मिडलटन, सेल्विन सॅक्स व फवाद तेरा यांनी कण-त्वरकाच्या साहाय्याने ते ज्वालामुखींच्या कमानींतील लाव्हारसात मोजले. पुढच्या मोजण्यांत निकाराग्वाच्या काही नमुन्यांत ग्रॅममागे दोन कोटींहून अधिक अणू मिळाले. निमज्जनाशी संबंध नसलेल्या ज्वालामुखींत ही संख्या साधारणतः दहा लाखांच्या आत राहिली. एक ग्रॅम खडकात एकूण अणू एकावर बावीस शून्ये इतक्या घरातले असतात, हे लक्षात घेता ही मोजणी किती सूक्ष्म होती, याची कल्पना येईल.

तरीही एक शंका उरत होती. लाव्हा थिजल्यावर त्यावर पाऊस पडतोच. हे अणू त्या पावसाचे नसतील कशावरून? म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस खडकातील खनिजे वेगवेगळी करून तपासण्यात आली. बेरिलियम-१० व साध्या बेरिलियमचे प्रमाण निरनिराळ्या खनिजांत जुळले. अर्थात ते शिलारस द्रवरूप असतानाच त्यात होते; वरून झिरपलेले नव्हते. १९९० मध्ये ज्युली मॉरिस, विल्यम लीमन व तेरा यांनी त्याला पाण्याबरोबर सहज वाहणाऱ्या बोरॉनची जोड दिली. एकेका कमानीत बेरिलियम-१० बरोबर बोरॉनचे प्रमाणही वाढत जाते, असे दिसले आणि भूपट्टातून निघालेल्या द्रवाचा माग अधिक ठळक झाला.

या साक्षीला तारीखही होती. सागरतळावर पडलेला पाऊस काही दशलक्ष वर्षांतच शंभर किलोमीटर खोल जाऊन लाव्हारसातून परतला, एवढे तिने निश्चित केले. मात्र तिची मर्यादाही विसरता कामा नये. निकाराग्वाच्या शेजारच्या कोस्टा रिकात बेरिलियम-१० जवळजवळ नाही; मारियाना बेटांतही तीच स्थिती. म्हणून तेथे गाळ खाली गेलाच नाही, असे म्हणता येत नाही. वरचा ताजा थर गर्तेपाशीच खरवडला गेला असेल, किंवा प्रवासच इतका लांबला असेल की साक्षीदार वाटेतच संपला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, शिवाय तो निमज्जनातून आलेला नाही. त्याच्या जन्माची कथा या साक्षीदाराला विचारण्यात अर्थ नाही.

जुन्या वाङ्मयाचा अभ्यास करताना आम्ही पुष्कळदा साम्य दिसताच 'प्रभाव' म्हणून मोकळे होतो आणि उल्लेख न मिळताच 'अभाव' जाहीर करतो. कोट्स यांचा तर्क बरोबर होता. तरी त्यांच्यानंतरच्या मंडळींनी वीस वर्षे साक्षीदार शोधला, आणि सापडल्यावर त्याचीही उलटतपासणी घेतली. हा संयम आम्हांला आमच्या वर्गात हवा आहे.