दरी तीच, खुणा त्याच

सहलीला नेलं की विद्यार्थी आपोआप शिकतात, असं आपण धरून चालतो. चार्ल्स डार्विनचा अनुभव मात्र वेगळा आहे.

ऑगस्ट 1831. केंब्रिजचं शिक्षण नुकतंच संपवलेला 22 वर्षांचा डार्विन भूविज्ञानाचे प्राध्यापक अ‍ॅडम सेजविक यांच्याबरोबर उत्तर वेल्समध्ये हिंडत होता. कूम इड्वाल या दरीत जीवाश्म मिळावेत म्हणून दोघांनी तासन् तास खडक तपासले. खडकांवरचे ओरखडे, उंचावर टेकलेले धोंडे, दगडमातीचे बांध (हिमोढ) हे सारं समोरच होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही!

1837 मध्ये लुई आगासी यांनी हिमयुगाची कल्पना मांडली. पुढे विल्यम बकलंड यांनी वेल्समधल्या हिमनद्यांच्या खुणांविषयी लिहिलं. त्यानंतर 1842 साली डार्विन त्याच दरीत परतला. आता त्या खुणा त्याला स्पष्ट वाचता आल्या. त्यांवर त्यानं निबंध लिहिला. आत्मचरित्रात त्यानं आपल्या पहिल्या भेटीचाही विचार केला. कुणीच न हेरलेली गोष्ट कितीही ठळक असली, तरी नजरेतून सहज सुटते, हा त्याचा निष्कर्ष.

मग महाविद्यालयातल्या सहलीच्या वह्या गुण देऊन झाल्यावर कपाटात का जाव्यात? आम्हाला वाटतं, नवा पाठ झाल्यावर त्या पुन्हा उघडाव्यात आणि विद्यार्थ्यांना विचारावं: तेव्हा तुम्ही काय शोधत होतात, आणि त्या नादात काय पाहायचं राहिलं?